पाटीची परीक्षा रात्री घ्या

महामार्गावरचा नवा दिशादर्शक फलक ताब्यात घेताना तपासणी बहुधा दिवसाउजेडी होते. फलकाची लांबी-रुंदी मोजतात, अक्षरांची उंची बघतात, पाया आणि नट-बोल्ट तपासतात, गावांची नावं शुद्ध लिहिली आहेत का ते वाचतात आणि परावर्तक शीट बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र फायलीला लावतात. यातलं काहीच चूक नाही. पण दिवसा हा फलक वाचता येणारच होता. साध्या रंगाने रंगवलेला पत्राही दिवसा वाचता येतो. जास्तीचे पैसे मोजून परावर्तक शीट लावली ती रात्रीसाठी, आणि नेमकी तीच बाजू कागदावरच्या एका आकड्यावर सोडून दिली जाते. रात्रीसाठी घेतलेल्या वस्तूची परीक्षा रात्री, रस्त्यावर, उंच गाडीच्या सीटवरून व्हावी आणि ती होईपर्यंत कंत्राटदाराचं बिल पास होऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

तो कागदावरचा आकडा कुठून येतो ते आधी पाहू. आरसा प्रकाश समोर फेकतो, खडबडीत भिंत तो चहूकडे उधळते. परावर्तक शीट मात्र प्रकाश जिकडून आला तिकडेच, एका अरुंद शंकूत, परत पाठवते. जुन्या जातीच्या शीटमध्ये हे काम काचेचे बारीक मणी करतात: मण्यात शिरलेला किरण मागच्या चकचकीत थरावर आदळून आल्या वाटेने परततो. नव्या शीटमध्ये सूक्ष्म प्रिझम असतात आणि किरण त्यांच्या एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांवर आपटून माघारी वळतो. सगळी मेख त्या अरुंद शंकूत आहे. प्रकाश परततो तो हेडलाइटकडे, पण बघणारा डोळा हेडलाइटच्या वर असतो. हेडलाइटकडून फलकाकडे जाणारी रेषा आणि फलकाकडून डोळ्याकडे येणारी रेषा यांच्यातल्या कोनाला निरीक्षण कोन म्हणतात. तो वाढला की डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश झपाट्याने घटतो.

प्रमाणपत्रावरचा ठळक आकडा आणि फलकावर टेकवून वापरायच्या मीटरचा आकडा, दोन्ही सहसा ०.२ अंशाच्या निरीक्षण कोनाचे असतात. साध्या मोटारीत चालकाचे डोळे हेडलाइटच्या साधारण ६० सेंटिमीटर वर असतात. फलक २०० मीटरवर असताना कोन भरतो ०.१७ अंश. म्हणजे तो आकडा मोटारवाल्याला, तेही लांबून बघताना, लागू पडतो. अवजड ट्रकमध्ये हे अंतर १.४ मीटर धरा. मग २०० मीटरवरच कोन ०.४ अंश होतो, १०० मीटरवर ०.८ आणि ६० मीटरवर १.३ अंशांच्या पुढे जातो. रात्रीच्या महामार्गावर मालवाहतुकीच्या गाड्यांचं प्रमाण मोठं असतं, आणि प्रमाणपत्रावरच्या आकड्याचा उजळपणा त्यांच्या चालकांना वाचनाच्या अंतरावर कधी दिसतच नाही.

फरक किती पडतो हे अमेरिकी मानक एएसटीएम डी ४९५६ मधल्या पांढऱ्या शीटच्या किमान मूल्यांवरून कळतं. एकक आहे दर लक्सला, दर चौरस मीटरला कँडेला, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती डोळ्याकडे परततो याचं माप. सर्वांत साधी टाइप १ ही मण्यांची शीट ०.२ अंशाला ७० आणि ०.५ अंशाला ३० देते. टाइप ३, म्हणजे मण्यांचीच पण वरच्या दर्जाची शीट, २५० आणि ९५ देते. प्रिझमच्या शीटपैकी टाइप ८ चे आकडे ७०० आणि २५०, तर टाइप ११ चे ५८० आणि ४२०. ७०० आणि ५८० एवढेच आकडे निविदेच्या तक्त्यात समोरासमोर ठेवले तर टाइप ८ सरस ठरते. ट्रकच्या सीटवर बसा, मग टाइप ११ सुमारे १.७ पट उजळ दिसते. शिवाय टाइप ११ ला मानकात १ अंशाच्या कोनाचीही अट आहे (किमान १२०). टाइप ८ ला ती नाही. ०.२ अंशाचा आकडा पाहून शीट निवडणं म्हणजे गिऱ्हाइकाला न विचारता दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवणं.

रस्त्यावरच्या कमानीला लावलेल्या फलकाचं दुखणं याहून मोठं आहे. डिपरचा झोत मुद्दाम खाली आणि कडेकडे वळवलेला असतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत तो जाऊ नये. वरच्या फलकापर्यंत पोचतो तो झोताच्या वर सांडलेला थोडासा उजेड. युरोपातल्या हेडलाइटच्या नियमांत वरच्या फलकांसाठी किमान थोडा प्रकाश वर जाऊ द्यावा अशी तरतूद आहे, ती याचमुळे. झोताची वरची कड जितकी धारदार, तितका हा सांडलेला उजेड कमी, आणि नव्या दिव्यांची कड जुन्यांपेक्षा धारदार असते. समोरून सतत वाहनं येत असतील तर अप्पर लावायची सोय नसते, म्हणून सगळा हिशेब डिपरवरच मांडायला हवा.

हिशेब असा. १४० मीटर अंतरावरून, साधारण अडीच अंश वर असलेल्या फलकाकडे प्रत्येक हेडलाइटमधून २०० कँडेला जातात असं समजा. फलकावर पडणारा प्रकाश ०.०२ लक्स भरतो. मोटारीतून टाइप ३ चं पांढरं अक्षर चौरस मीटरला सुमारे ५ कँडेला उजळ दिसेल. ट्रकमधून, ०.५ अंशाचा आकडा धरला तरी, २ च्या खाली. टाइप ११ मोटारीतून साधारण १२ आणि ट्रकमधून साडेआठ. टाइप १ ट्रकमधून ०.६. वाचनीयतेच्या अभ्यासांत अडीच-तीन कँडेलाच्या आसपासचा उजळपणा हा तळ मानतात. म्हणजे टाइप ३ चा कमानीवरचा फलक ट्रकचालकासाठी पहिल्याच दिवशी नापास आहे, मग धूळ, म्हातारपण आणि मळकी काच यांचा विचार करायला नको. अमेरिकेच्या वाहतूक-फलकांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत २००८ पासून हिरव्यावर पांढऱ्या फलकांसाठी वापरात टिकवायची किमान परावर्तन मूल्यं लागू आहेत: कमानीवर पांढऱ्याला २५० आणि हिरव्याला २५, कडेच्या खांबावर पांढऱ्याला १२० आणि हिरव्याला १५. कमानीवरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी मण्यांची शीट तिथे चालतच नाही. साहजिक आहे. जिचं नवेपणीचं किमान २५० आहे ती जुनी होताना २५० च्या खाली जाऊ शकते.

मग सगळीकडे सर्वांत भारी शीट लावून मोकळं व्हावं का? अभियंत्यांमध्ये हा विचार लोकप्रिय आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवरचं फार उजळ अक्षर डोळ्याला फुगून दिसतं. रेघेचा उजेड शेजारच्या अंधारात पसरतो आणि अक्षरातल्या बारीक पोकळ्या बुजतात. ब्रिटिश रस्त्यांची अक्षरं आखणाऱ्या जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी हे ओळखून एकाच अक्षरवळणाची दोन वजनं ठेवली: गडद फलकावरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी सडपातळ आणि पांढऱ्या फलकावरच्या काळ्या अक्षरांसाठी जाड. दोन्ही डोळ्याला सारखीच भरतात. १९५८ च्या प्रेस्टन बायपासवर हे काम सुरू झालं आणि १९६५ पासून ते देशभर लागू झालं.

अमेरिकेत याच कारणासाठी क्लिअरव्ह्यू नावाचं, आतल्या पोकळ्या मोठ्या ठेवलेलं अक्षरवळण पुढे आलं. २००४ मध्ये त्याला तात्पुरती मान्यता मिळाली, जानेवारी २०१६ मध्ये ती काढून घेतली गेली आणि २०१८ मध्ये परत दिली गेली. मान्यता काढताना संघीय महामार्ग प्रशासनाने मांडलेला मुद्दा शिकण्यासारखा आहे: दिसलेल्या सुधारणेचा मोठा वाटा नव्या अक्षराचा नसून नव्या, जास्त उजळ शीटचा होता, कारण जुने झिजलेले फलक आणि नवे फलक यांची तुलना झाली होती. शिवाय फिक्या फलकावरच्या गडद अक्षरात क्लिअरव्ह्यूचा फायदा दिसला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली नाही की असा गोंधळ होतो.

देवनागरीत या फुगवट्याचा फटका जास्त बसतो, आणि याची चर्चा जवळजवळ होत नाही. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांमधला मोठा भेद म्हणजे शिरोरेषेतली एक छोटी फट. रात्री उजेड पसरून ती फट बुजली की भ चा म होतो. ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजली तर व उरतो. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटतो, रफार वेलांटीत मिसळतो. छापील पुस्तकासाठी आखलेला फाँट संगणकावर ठळक करून फलकावर चढवला तर हे सगळं एकदम घडतं. म्हणून फलकासाठी रेघ सडपातळ हवी, शिरोरेषेतली फट रेघेच्या जाडीहून कमी नको, टिंब सुटा आणि मोठा हवा, आणि अक्षरांमधलं अंतर पुस्तकापेक्षा मोकळं हवं. अक्षराची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, हेही करारात लिहून ठेवायला हवं. नाहीतर वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंत मोजून ४० सेंटिमीटर भरवले जातात आणि मूळ अक्षर २५ चंच राहतं.

उंचीचं गणित साधं आहे, पण त्याचे परिणाम भरपूर आहेत. वाहन परवान्यासाठी अनेक देशांत ६/१२ च्या आसपासची दृष्टी (निकोप डोळा १२ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून वाचणारी) पुरेशी मानतात. अशा डोळ्याला अक्षर वाचायचं तर ते १० कोनमिनिटांचं (एका अंशाचा सहावा भाग) दिसावं लागतं, म्हणजे ४० सेंटिमीटरचं रोमन अक्षर साधारण १३७ मीटरवरून. अमेरिकी नियमपुस्तिकेत इंचाला ३० फुटांचा जो हिशेब आहे, तो हाच; पूर्वी इंचाला ५० फूट धरत, ते फक्त तीक्ष्ण नजरेच्या लोकांना जमत असे. आता दुसरं टोक. फलक जवळ आला की गाडीच्या छतामागे जातो. फलकाचा मध्य डोळ्याच्या ५.८ मीटर वर असेल आणि साडेसात अंशांपुढे मान वर करायची नसेल, तर ४४ मीटरच्या आत तो गेलाच. वाचायला उरले सुमारे ९३ मीटर. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते. हातात साडेतीन सेकंदही नाहीत, आणि त्यातच रस्त्याकडेही बघायचं आहे. अक्षर ५० सेंटिमीटरचं केलं तर वाचन १७२ मीटरवर सुरू होतं आणि साडेचार सेकंद मिळतात. अक्षर सव्वापट, वेळ मात्र जवळपास १.४ पट. शीटचा दर्जा वाढवून एवढा फायदा क्वचितच मिळतो. देवनागरी अक्षराच्या पोटात रोमनपेक्षा रेघा जास्त असतात, म्हणून दोन लिप्यांच्या फलकावर देवनागरीची उंची निदान रोमन मोठ्या अक्षराइतकी हवी, जास्त असली तर उत्तम.

अक्षर मोठं करायला जागा कुठून आणायची? नावं कमी करून. एका फलकावर पाच गावं, दोन मार्ग क्रमांक, चार बाण आणि उद्घाटन करणाऱ्या खात्याचं चिन्ह हा भार साडेतीन सेकंदांत कुणालाच पेलत नाही. अमेरिकी पुस्तिका एका फलकावर दोन गंतव्यांपर्यंत थांबायला सांगते. उरलेली नावं पुढच्या फलकावर जाऊ शकतात. रात्री चालकाला नकाशा नको असतो. पुढच्या फाट्यावर कुठली मार्गिका धरायची एवढंच त्याला हवं असतं. आपलं गाव फलकावर यावं असा आग्रह धरणाऱ्या पुढाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, पण ते काम खात्याचं आहे, चालकाचं नव्हे.

आता वय. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली तितकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळं पडतं. चकाकीचा त्रासही वाढतो. तरुण अभियंत्याला ठीक वाटलेला फलक साठीच्या चालकाला पुरणार नाही, हे गृहीत धरूनच काम व्हायला हवं.

कारखान्यात होणाऱ्या कित्येक चुका दिवसा दिसत नाहीत. प्रिझमच्या काही शीटना दिशा असते: गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने लावली तर एक उजळपणा, आडवी लावली तर दुसरा. उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून फलकाच्या पार्श्वभूमीवर एखादा पट्टा आडवा लावला जातो. दिवसा तो बाकीच्यांसारखाच हिरवा. रात्री तिथे गडद चौकोन उठतो. अक्षरं कापतानाही हेच होतं, एक अक्षर झगझगीत आणि शेजारचं मंद. दुसरी चूक शाईची. पांढऱ्या शीटवर पारदर्शक हिरवी शाई छापायची असते, म्हणजे प्रकाश तिच्यातून आत जाऊन परत येतो. शाई जाड बसली किंवा साधा अपारदर्शक रंग वापरला, तर दिवसा सुरेख हिरवा दिसणारा फलक रात्री काळा पडतो, आणि हिरव्या रंगाने ओळखायचा मार्ग ओळखू येत नाही. उलट शाई पातळ झाली तर पार्श्वभूमीच उजळते आणि अक्षरं त्यात विरतात. वर दिलेल्या किमान मूल्यांत पांढरं हिरव्याच्या आठ ते दहा पट आहे, ते प्रमाण लक्षात ठेवावं. रंगीत पारदर्शक अॅक्रिलिक फिल्म पांढऱ्या शीटवर चढवून अक्षरांच्या जागी कापून काढणं हा शाईपेक्षा भरवशाचा मार्ग आहे: जाडी सगळीकडे एकसारखी राहते आणि रंग उन्हात उशिरा उडतो.

अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचं तेल नीट न काढता किंवा १८ अंश सेल्सिअसच्या खाली थंड खोलीत शीट चिकटवली, तर कडा सुटतात, आत पाणी जातं आणि कडेपासून काळे डाग आत सरकत जातात. गावाचं नाव दुरुस्त करायला लावलेलं ठिगळ हे तर रात्रीचंच दुखणं. जुन्या फलकावर नव्या जातीच्या शीटचं ठिगळ असं चमकतं की बाकीचा मजकूर दिसेनासा होतो. ठिगळ लावायचंच तर त्याच जातीचं आणि त्याच दिशेचं, नाहीतर अख्खी ओळ बदला.

बसवतानाही एक साधी गोष्ट राहून जाते. कडेच्या खांबावरचा फलक वाहतुकीला अगदी काटकोनात ठेवला तर त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो आणि हेडलाइटचा पांढरा ठिपका अक्षरांवर बसतो. म्हणून तो रस्त्यापासून तीन ते पाच अंश बाहेर वळवतात. वळणावर हे रस्त्याच्या रेषेवरून ठरवायचं नसतं. चालक जिथून वाचायला सुरुवात करणार आहे तिथून ठरवायचं असतं.

दवाबद्दल निविदांमध्ये सहसा एक ओळही सापडत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्यावरचा पातळ पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. दवबिंदूखाली गेला की त्याच्यावर बारीक थेंब जमतात आणि येणारा-जाणारा प्रकाश विस्कटतात. परतीचा शंकू मोडतो आणि फलक काळा पडतो. पहाटे, जेव्हा चालक सर्वांत जास्त पेंगुळलेला असतो, तेव्हाच हे होतं, आणि सकाळी नऊला तपासणारा येतो तोवर सगळं वाळलेलं असतं. जलस्नेही फिल्म लावली तर थेंब पसरून सपाट पातळ थर होतो आणि प्रकाश बऱ्यापैकी परततो. नदीकाठी, खोलगट भागात, धरणालगत ती सुरुवातीपासून लावावी. धुळीचं तसं सोपं आहे: सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, वरून खाली. घासणी, पेट्रोल, थिनर कधीच नाही. जोराचा फवारा कडेच्या बाजूने मारला तर शीट उचकटते. फांद्या छाटणं हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत जास्त तेच राहून जातं.

कमानीवर दिवे लावावेत का, यावर दोन टोकं आहेत. सगळीकडे लावा, म्हणजे प्रश्नच मिटला, असं एक टोक म्हणतं. शीट चांगली झाली आहे, वीज वाचवा, असं दुसरं म्हणतं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण अपवाद ठेवून. दिवा हे देखभालीचं ओझं आहे: केबल चोरीला जाते, काचेवर धूळ आणि किडे साचतात, चारपैकी एक दिवा गेला की अर्धा फलक उजळ आणि अर्धा अंधारात, आणि हा असमान उजेड पूर्ण अंधाराइतकाच वाईट. खालून वर मारलेला प्रकाश आकाशात वाया जातो, वरून लावला तर दिव्याच्या चौकटीची सावली दिवसा मजकुरावर पडते. तरीही काही जागी दिव्याला पर्याय नाही. फलकाआधी लांब वळण असेल तर हेडलाइट फलकाकडे वळतात तोवर वाचायची वेळ निघून गेलेली असते. दाट धुक्याचा पट्टा, मागे लखलखते जाहिरातफलक, एकापाठोपाठ तीन-चार फाटे असलेली जागा, हे बाकीचे अपवाद. अशा ठिकाणी एलईडी लावा, पण शीट मात्र दिवा नाही असं समजूनच निवडा, कारण कधीतरी दिवा जाणारच आहे.

मोबाइल वाट दाखवतो, आता फलकांवर एवढा खर्च कशाला, असा आक्षेप हल्ली ऐकू येतो. मोबाइल वळायला सांगतो; कुठली मार्गिका धरून वळायचं हे समोरचा फलकच पक्कं करतो. दोन्हींत फरक पडला की चालक ऐन फाट्यावर ब्रेक मारतो. फलक धड दिसत नसेल तर नजर पडद्याकडे जाते, आणि रात्री उजळ पडद्यावरून परत अंधारात नजर स्थिरावायला वेळ लागतो. हा आक्षेप फार ताणण्यासारखा नाही.

तर रात्रीची तपासणी कशी घ्यायची? अमेरिकी नियमांत पाहणीचा एक प्रकार आहे, ज्यात तपासणारा ६० किंवा त्याहून जास्त वयाचा असावा आणि गाडी २००० किंवा त्यानंतरच्या मॉडेलची एसयूव्ही किंवा पिकअप असावी, असं लिहिलं आहे. हसू येईल, पण ही अट अगदी शहाणपणाची आहे: म्हातारा डोळा आणि उंच सीट एका वाक्यात आले. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन, पिकअपऐवजी मालवाहू ट्रक घ्या. हेडलाइटची दिशा आधी तपासून घ्या, पुढची काच आतून-बाहेरून पुसा, आतला दिवा बंद ठेवा. चालवणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा. डिपरवर, नेहमीच्या वेगाने, जी मार्गिका ट्रकला नेमून दिलेली आहे तीतून जा. नोंद करणाऱ्याने फलक आधी कधी पाहिलेला नसावा. माहीत असलेलं नाव डोळा अर्धवट दिसलं तरी वाचतो. नाव मोठ्याने वाचलं त्या क्षणी किलोमीटरची नोंद घ्या. एक फेरी कोरड्या रात्री, एक पहाटे दव असताना. डाग, ठिगळ, काळा पट्टा, मंद अक्षर दिसलं की फलकाचा क्रमांक लिहा आणि दुसऱ्या दिवशी मीटर लावा: अक्षरावर किमान चार जागी, पार्श्वभूमीवर चार जागी, आणि सरासरी काढा. मीटर ०.२ अंशाचाच असला तरी अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं प्रमाण तो सांगतो.

फलकाच्या पाठीवर बसवल्याचा महिना-वर्ष, शीटची जात आणि गुंडाळीचा क्रमांक न पुसणाऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. हमीची मुदत चालू आहे की संपली, एकाच गुंडाळीचे सगळे फलक एकदम खराब होत आहेत का, हे त्यावरूनच कळतं. उन्हाकडे तोंड असलेले फलक आधी म्हातारे होतात, त्यामुळे एकाच कमानीच्या दोन बाजू एकाच वर्षी बदलण्याचं कारण नाही.

या सगळ्यातून नेहमी सुटतात ते काम चालू असलेल्या रस्त्यावरचे तात्पुरते वळणफलक. ते ट्रकमध्ये एकमेकांवर तोंडाला तोंड लावून रचले जातात, ओरखडे पडतात, चिखलाने माखतात आणि सहाव्या कामावर तसेच उभे राहतात. कायमच्या फलकांच्या नोंदवहीत त्यांचा क्रमांक नसतो, आणि ओळखीचा रस्ता अचानक बदलला आहे हे रात्री सांगायचं काम नेमकं त्यांच्यावर असतं. प्रत्येक वेळी नव्या जागी उभे करण्यापूर्वी अंधारात, १०० मीटरवरून, डिपरवर एकदा बघा; मजकूर वाचता आला नाही तर शीट खरवडून काढा आणि पत्रा नव्याने मढवायला पाठवा.